दहाने गुणायची सवय

सर्बियातल्या निश शहरच्या मिलुतिनने चाळीस वर्षं जुनाट ऑसिलोस्कोपवर विजेच्या लहरी मोजल्या. मोजायची सुई लहर दहापट लहान करून दाखवायची, म्हणून पडद्यावरचा आकडा मनात दहाने गुणायचा, ही तेव्हाची रीत. म्हातारपणी त्याने डिजिटल घेतला. माहितीपुस्तिका वाचणं त्याला अपमानाचं वाटलं.

शाळेपासूनची मैत्रीण झोर्का दिवंगत नवऱ्याने स्वतः बनवलेला रेडिओ दुरुस्तीला घेऊन आली. पडद्यावर अर्ध्या व्होल्टची खरखर होती. मिलुतिनने सवयीने पाच व्होल्टची धरली.

"गेला गं हा. भंगारात दे."

तिने दिला.

महिन्याने त्याने पुस्तिका उघडली, तर गुणाकार नवं यंत्र स्वतःच करत होतं. एक स्वस्तातला कपॅसिटर बदलला असता, तर रेडिओ बोलला असता. मिलुतिन राकियाची, फळांच्या दारूची, बाटली घेऊन कबुली द्यायला गेला.

झोर्काने ऐकून घेतलं, दोन पेले भरले.

"गणित तुझं पहिल्यापासूनच पक्कं, मिल्या," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.