संग्रहालयातला काकूचा रुपया

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि बुलडाण्यात ज्याला त्याला काहीतरी स्थापन करायचं होतं. आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी वस्तुसंग्रहालय स्थापन केलं. म्हणजे मागच्या खोलीतली जुनी वर्तमानपत्रं हलवली आणि तिथे काचेची एक पेटी ठेवली. अध्यक्ष निवृत्त वकील. समोर दोन माणसं उभी राहिली की त्यांना ती सभा वाटायची. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

देणग्या धडाधड आल्या. त्यातही पदकं फार. गोऱ्या साहेबाने राजनिष्ठेबद्दल छातीवर लावलेली ही पदकं घरात ठेवणं आता अवघड झालं होतं, आणि मोडीत घालायला मन होत नव्हतं. त्यांची छान सोय झाली. ‘चिठ्ठीवर नुसतं जुनं पदक असं लिहा,’ अशी सूचना बहुतेक दात्यांनी मला खासगीत केली.

नाण्यांसाठी अध्यक्ष जीप घेऊन गावोगाव फिरले. अमडापूरला माझ्या काकांनी त्यांचं भाषण ऐकलं, गळ्यात हार पडला, आणि त्या भरात घरी जाऊन त्यांनी देवघरातली चांदीच्या रुपयांची पुरचुंडी आणून जशीच्या तशी देऊन टाकली. काकूला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती मिळाली नसती, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या पुरचुंडीत काकूला तिच्या आईने दिलेला एक रुपया होता. दर लक्ष्मीपूजनाला तो दुधाने धुऊन पाटावर मांडायचा. बाकीचे रुपये नुसते त्याच्या सोबतीला. दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा तिने देवघर आवरायला काढलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने ती माझ्या दारात उभी.

“बाबू, माही लक्ष्मी कुठं ठेवली तुमी?”

“पेटीत आहे, काकू. कुलूप आहे.”

“मंग उघड.”

“नोंद झालीय. काढायला कमिटीचा ठराव लागतो. बैठक दिवाळीनंतर आहे.”

“दिवाळीनंतर कायले पाह्यजे मले? तुह्या काकाले इचारलं, काऊन देला, तं म्हन्तेत, देशाले देला. देशाच्या घरी लक्ष्मीपूजन होते काय?”

चिठ्ठी माझ्याच हातची होती. काकू रडत नव्हती, त्यामुळे मला जास्तच भीती वाटत होती. लग्न होऊन आल्यापासून तिची त्या रुपयाची पूजा एकदाही चुकली नव्हती.

तिला घेऊन अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि जुन्या सवयीने पुरावा मागितला. “तुमचा रुपया कोणता, ते ओळखून दाखवा. मग पाहू.”

“त्यात काय? अक्षरायमंधी हळद-कुंकू बसेल हाय त्याच्या.”

आम्ही तिघं वाचनालयात आलो, पेटी उघडली. हळद नाही, कुंकू नाही. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी वाचनालयाच्या शिपायाने सगळी नाणी चिंच आणि राख लावून लख्ख केली होती. “देवाचे भांडे घासतो तसे घासले, मास्तर,” तो अभिमानाने म्हणाला. सगळ्या रुपयांवर तोच राजा, तीच चकाकी. काकूचा चेहरा उतरला. अध्यक्षांनी पेटीच्या झाकणाला हात लावला.

“थांबा जी,” काकू म्हणाली. “वाजवून पाहू द्या.”

ती दाराच्या दगडी उंबऱ्यापाशी बसली आणि एकेक रुपया त्यावर टाकू लागली. खण्. खण्. खण्. मग एक रुपया बद्द वाजला, मातीचं ढेकूळ पडावं तसा.

“हा माहा.”

“अहो, हा तर खोटा आहे!” अध्यक्ष म्हणाले.

“हाव,” काकूने मान डोलावली.

याच पेटीपुढे उभं राहून अध्यक्षांनी उद्‌घाटनाला अस्सलपणावर पाऊण तास भाषण केलं होतं. त्यांनी आधी दाराबाहेर कुणी आहे का ते पाहिलं. “मास्तर, नोंद खोडा. ठराव कशाला? जे नाणंच नाही त्याची नोंद कसली? आणि बाई, तुम्ही हे घेऊन जा. बाहेर कुठे बोलू नका.”

“मास्तर,” शिपायाने हळूच विचारलं, “आता पदकं बी वाजवून पाहायचे काय?” अध्यक्षांना एकाएकी खिडकीबाहेरचं झाड दिसू लागलं.

मोठ्या संग्रहालयांत खोटी नाणीही जपून ठेवतात, पंडित त्यांच्यावर लेख लिहितात, हे मी वाचलेलं होतं. ते मी बोललो नाही. वाचलेलं न बोलल्याने इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मोटारस्टँडवर काकूने रुपया पदराच्या टोकाला बांधला आणि मग ती हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, “मायनं देला तवाच सांगतलं होतं मले. ‘खोटा हाय म्हून तुह्यापाशी राहीन.’ खरा असता तं अडीनडीले मीच कवाच मोडला असता; बाकीचे असेच आले न् गेले.”

“काकांना माहीत आहे?”

“नाई. आन् तू सांगू नको. बाकीचे राहू दे देशाले.” ती गाडीत चढली आणि खिडकीतून वाकून म्हणाली, “कालपासून माह्या भेवानं वावरातच जेवून राह्यले बिचारे. आता बोलावतो त्याह्यले घरी.”