व्हर्नाचा प्रश्न

"राष्ट्राध्यक्षाला काय करता येत नाही, तेवढं सांगा," असं व्हर्ना ट्याडेन मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, तिच्या गावी आलेले सगळे उमेदवार गोड हसायचे आणि आपण काय काय करणार ते सांगत सुटायचे. घटना लिहिली ती सत्तेचे हात बांधायला, असं मानणाऱ्या व्हर्नाला ते हसू खटकायचं.

यंदा एकाने मात्र लगेच सांगितलं, "काँग्रेसच्या, म्हणजे आपल्या संसदेच्या, संमतीशिवाय युद्ध पुकारता येत नाही." उत्तर बरोबर होतं. ते फार पटकन आलं, एवढंच तिला सलत राहिलं.

तरी निवडीच्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये ती सगळ्यांदेखत त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. आयोवात पक्षाचा उमेदवार असाच निवडतात; ज्याच्या कोपऱ्यात ठरावीक माणसं जमत नाहीत, तो बाद. तिचा भाचा लायल त्या उमेदवाराचा प्रचारक होता. त्याने माणसं मोजली.

"आत्या, तू आलीस म्हणून वाचलो. एक जरी कमी असतं, तरी आपला कोपरा बाद होता."

"त्याला घटना कळते, म्हणून आले."

"कळते कसली? तुझ्या प्रश्नाचं उत्तर मीच गाडीत त्याच्याकडून घोकून घेतलं," लायल हसत म्हणाला.

मोजणी अजून नोंदवायची होती. व्हर्नाने कोटाची बटणं लावली आणि ती दाराबाहेर पडली.