जांभळीच्या सालीवरची अक्षरं

आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते शिपाई होते. नमुने गोळा करायला आमच्याबरोबर जंगलात आले की झाडाला हात लावायच्या आधी चप्पल काढायचे. आम्ही प्राध्यापक हसायचो.

एकदा जांभळीच्या सालीवर त्यांनी मला दगडफुलाचा एक प्रकार दाखवला. काळ्या बारीक रेघोट्या, कुणी काहीतरी लिहिल्यासारख्या. असा मी कधीच पाहिला नव्हता; नवाच असणार, म्हणालो. मी अधाशीपणे छिन्नी लावली, तर त्यांनी माझा हातच धरला.

"नवं हाय म्हणता न्हवं? मग थोडं ऱ्हाऊ द्या की सर!"

अर्धंच काढलं. उघड्या पडलेल्या सालीवर त्यांनी ओली माती लिंपली.

ती जात खरंच नवी निघाली. तिला त्यांचं नाव देतो म्हटलं, तर खेकसले, "झाडाचं द्या की! मी निस्तं बघितलं."

झाडाचंच दिलं. इथंही त्यांचं नाव लिहीत नाही, परत खेकसतील.