साठ बायका, एक बिल्ला

आमच्या मोठ्या जाऊबाई पाणी पीत नाहीत म्हणून घरात सगळे त्यांनाच बोलायचे. सासरे म्हणायचे, हट्टी आहे. भावजी म्हणायचे, हिला स्वतःच्या तब्येतीची काळजीच नाही. अहो, आम्ही दोघी जिथे काम करतो तिथे एक दिवस येऊन बसा आणि मग तोंड उघडा म्हणावं!

शर्ट शिवायचा कारखाना आमचा. हॉलमध्ये साठ मशिनी, साठ बायका. जाऊबाई कॉलर लावतात, शेजारी मी बाह्या जोडते. सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला एक लाल लाकडी बिल्ला टांगलेला असायचा. बाथरूमला जायचं तर तो घेऊन जायचं, आलं की परत टांगायचा. खिळा रिकामा असेल तर कुणी उठायचं नाही. साठ बायकांना एक बिल्ला! त्यातून तो घ्यायला गेलं की हा सुपरवायझर घड्याळात बघून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारणार, "परत?" मेल्याला जनाची नाही तर मनाची तरी! आम्ही त्याला बिल्लेबहाद्दर म्हणायचो. त्याच्या माघारी, अर्थात.

मग बायकांनी काय करावं? पाणीच प्यायचं सोडलं. भरलेली बाटली आणायची आणि भरलेलीच घरी न्यायची. जाऊबाई तर यात सगळ्यांच्या पुढे. सकाळी अर्धा कप चहा, डब्याबरोबर दोन घोट, जेवणाच्या सुट्टीत एकदा जाऊन यायचं, बास. फारच घसा सुकला तर शर्टाचं एक बटण तोंडात धरायच्या, म्हणजे जरा लाळ सुटते. अशी अकरा वर्षं काढली त्यांनी.

गेल्या वर्षी कमरेत कळ आली आणि त्या जमिनीवर गडाबडा लोळायला लागल्या. दवाखान्यात कळलं, मुतखड्यांनी एक किडनी पार निकामी केलीय आणि दुसरीही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण खरं औषध पाणी. दिवसाला बारा पेले, आणि दर दोन तासांनी उठून जायचं. एवढं केलंत तर ही वाचेल." आणि चिठ्ठी लिहून दिली.

जाऊबाईंनी चिठ्ठी बिल्लेबहाद्दरपुढे ठेवली. त्यानं ती वाचली, नीट घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "मावशी, तुम्हाला सूट दिली तर उद्या माझ्यापुढे साठ चिठ्ठ्या येतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून चकार शब्द निघाला नाही. भित्री मी! जाऊबाई पुन्हा बटण तोंडात धरून कॉलरी लावायला लागल्या. घरी मी चिडले, "ताई, जिवाशी खेळताय तुम्ही!" तर म्हणाल्या, "मग काय करू, बसल्या जागी करू?"

आणि अशात मोठ्या साहेबांना आरोग्य सप्ताह सुचला. भिंतीवर चित्रं लागली, हसऱ्या बायका पेलाभर पाणी पिताहेत. व्याख्यान कधी ठेवलं? जेवणाच्या सुट्टीत, हॉलमध्येच! डबे तसेच बंद, आणि दिवसातली ती एक फेरीसुद्धा बुडाली. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या चांगल्या होत्या. तासातासाला जागेवरून उठा म्हणाल्या, चार पावलं चाला, भाज्या-फळं खा, पेलाभर पाणी प्या. बायका खाली मान घालून खुसुखुसू हसत होत्या. हसण्यासारखं काय होतं त्यात? मला रडू येत होतं.

मग साहेब उठले. बक्षीस होतं, सगळ्यांत शिस्तीच्या कामगाराला. म्हणजे कोण, तर वर्षभरात जी सगळ्यांत कमी वेळा जागेवरून उठली ती. बिल्लेबहाद्दरनं ऐटीत जाऊबाईंना पुढे बोलावलं आणि हातात ठेवली एक मोठी पाण्याची बाटली, कुठल्या तासाला किती प्यायचं त्याच्या खुणा काढलेली.

जाऊबाईंनी बाटली उलटसुलट बघितली. डॉक्टरीणबाईंसाठी ठेवलेल्या जगमधून ती काठोकाठ भरली आणि तिथेच उभ्या राहून घटाघटा रिकामी केली. टाळ्या पडल्या. साहेबही वाजवत होते.

"आता मला जायचंय," जाऊबाई म्हणाल्या.

सुट्टी संपल्याची घंटा नुकतीच झाली होती. बिल्लेबहाद्दर सवयीनं बोलून गेला, "मावशी, बिल्ला?"

"भाऊ, या बाई म्हणतात तासाला पेलाभर पाणी प्या. तुम्ही म्हणता साठ जणींत एक बिल्ला. तुम्ही दोघं आधी आपसांत काय ते ठरवा, तोवर मी जाऊन येते." आणि गेल्या तरातरा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसला बिल्ला?"

भित्रीच मी, पण उठले. म्हटलं, "बाथरूमला जायचा बिल्ला, बाई. त्यापायी जाऊबाईंची एक किडनी गेलीय, दुसरी जायला लागलीय. डॉक्टरांची चिठ्ठी यांच्या ड्रॉवरमध्ये पडलीय. काढायला सांगा!"

बिल्लेबहाद्दरचा हात ड्रॉवरकडे गेला आणि तिथेच थांबला. पुढचं बघायला मी थांबलेच नाही, जाऊबाईंच्या मागे निघाले. माझ्यामागे इस्त्रीवाली, तिच्यामागे काजंवाल्या दोघी, मग कोण कोण कळलंच नाही. रांग पार जिन्यापर्यंत गेली. हॉलमध्ये एकही मशीन वाजत नव्हती.

आतून जाऊबाईंचा आवाज आला, "ढकलाढकली करू नका गं. वेळ लागणार आहे मला, अकरा वर्षांचं आहे."