शून्याच्या डोक्यावर शून्य

समजा, फळ्यावर (2x³)² × x⁴ ÷ x¹⁰ लिहिलंय आणि खडू तुमच्या हातात आहे. आधी कंस सोडवा: 4x⁶. पाया तोच, म्हणून गुणताना घातांक मिळवा: 4x¹⁰. भागताना वजा करा. उरतं 4x⁰, म्हणजे चार. आता हेच करा, पण शेवटच्या बाकावर मुख्याध्यापक बसलेत आणि तुमची नोकरी या एका तासावर ठरणार आहे.

अंबरपेठच्या शिल्पाताई नारायणगुड्यातल्या इंग्रजी शाळेत अशाच उभ्या होत्या. त्यांची मराठी शाळा पटाअभावी बंद पडली होती. आठवडाभर कुकरच्या शिट्ट्यांत त्यांनी इंग्रजी वाक्यं घोकली, पण गणित डोक्यात अजून मराठीतच सुटायचं.

"मॅडम, एक्स किधर गया?" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. वर्ग हसला.

घोकलेलं एकही वाक्य आठवेना, तेव्हा शिल्पाताईंनी मुलीच्याच हिंदीत विचारलं, "x³ को x³ से भाग दिया तो?"

"एक."

"और घातांक... पॉवर? तीन में से तीन?"

"झिरो."

"तो x⁰ हुआ एक."

मुलीने मान डोलावली. शिल्पाताईंनी श्वास सोडला.

"पर एक्सइच झिरो हुआ तो?"

x शून्य असेल तर इथे भागताच येत नाही. x शून्य नसावा, ही अट लिहायची राहूनच गेली होती. "गलती मेरी," म्हणत त्यांनी ती उदाहरणाशेजारी लिहिली.

"डिवाइड छोड़ो मॅडम. सिर्फ झिरो की पॉवर झिरो?"

"कल बताती." सवयीने तोंडातून निघून गेलं.

"कल?" मागून मुख्याध्यापक म्हणाले. "रख लिए क्या हम आपको?"

वर्ग आणखी मोठ्याने हसला.

घंटेनंतर ते दाराशी आले. "सोमवार को आओ. पहले बच्ची को जवाब, फिर बात करेंगे."

बसमध्ये शिल्पाताईंना बसवेना. शून्य कितीही वेळा शून्याने गुणा, शून्यच. उलट, घातांक शून्य झाला की उत्तर एक. दोन्ही नियम त्यांनी वर्षानुवर्षं पोरांकडून पाठ करून घेतले होते. जुन्या सहकारी मीनाताईंना फोन लावला.

"एक गं, कॅल्क्युलेटर एकच दाखवतो," मीनाताई म्हणाल्या. मग पुस्ती जोडली, "आमचे हे म्हणतात, त्याला अर्थच नाही."

एक, शून्य, की अर्थच नाही? आणि सोमवारी ती मुलगी 'क्यों' म्हणाली, तर?