गुलाबीसाठी नऊ दिवस

"आधी हात धू, मग बोल." विक्रोळीतल्या आमच्या चाळीत मावशीच्या दारात कोणीही उभं राहिलं, की तिचं पहिलं वाक्य हे. सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून गेलेली. निवृत्त झाली, पण वॉर्ड काही तिला सुटला नव्हता. तुमच्याही ओळखीत असेल अशी कोणी, जिच्यासमोर आपण नकळत स्वतःची नखं बघतो.

मी चाळीखालच्या मेडिकलमध्ये काउंटरवर असतो. मावशी एकटी राहायची. लेक कुडाळला. सोबतीला होती एक कोंबडी. नाव गुलाबी, रंग पांढरा. बाजारात रंगवलेली पिल्लं विकतात ना, त्यातलं एक तिने आणलं होतं. ती चार दिवसांच्या वर जगत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. हे जगलं. रंग उडाला, नाव राहिलं.

एका दुपारी खाडीकडून मुंगूस आलं. ओरडा ऐकून मावशी झाडू घेऊन धावली, तोवर त्याने गुलाबीची पाठ फाडली होती. मावशी अनवाणीच दुकानात आली. पदर लाल झालेला.

"अरे बघतोस काय? रिक्षा थांबव!"

जनावरांच्या डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि हळूच म्हणाले, "दात आतवर गेलेत. वाचणं कठीण आहे. सांगाल तर झोपवतो."

"झोपवायला नाय आणली तिला," मावशी म्हणाली आणि गुलाबीला टॉवेलात गुंडाळून उठली.

मग सुरू झाली तिची ड्युटी. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी साडी अंथरली. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, मलम लावायचं, ड्रॉपरने तांदळाची पेज पाजायची. धरायचं काम माझं. "घट्ट नको धरू, पण सोडू पण नको." आणि गुलाबीच्या कानाशी वाकून, "घे गो बाय, एवढा थेंब घे. शानी ना तू?" बाळंतिणींशी ती अशीच बोलत असणार.

शेजारचे काका दारातून म्हणाले, "कशाला हाल करतेस? वेळेत कापली असती तर रस्सा तरी झाला असता." मावशीने त्यांच्या तोंडावर दार लावलं. मला हसू आलं. तिला नाही.

पाचव्या दिवशी वास यायला लागला. जखमेत अळ्या झाल्या होत्या. चष्मा लावून तिने चिमट्याने एकेक काढली. हात जराही हलला नाही. काम संपल्यावर मात्र चिमटा खाली पडला.

"वॉर्डात हाक मारली की डॉक्टर यायचे रे," ती म्हणाली. "आता मी कोणाला हाक मारू?"

मी चिमटा उचलून धुतला.

सातव्या दिवशी गुलाबी स्वतःहून पाणी प्यायली. मावशीने मला दुकानातून ओढत नेऊन ते दाखवलं. आठव्या दिवशी गुलाबीची मान लुळी पडली. पेज चोचीतून बाहेर यायची, मावशी पुसायची आणि पुन्हा पाजायची. मी म्हटलं, "मावशी, पुरे." तिने ऐकलंच नाही.

नवव्या दिवशी दुपारी बसल्या बसल्या मावशीचा डोळा लागला. खोका माझ्या मांडीवर होता. गुलाबीने एकदा पाय ताणले आणि संपलं. मावशीला उठवायचं धाडस मला होईना. ती आपोआप जागी झाली, माझ्याकडे बघितलं आणि ड्रॉपर हातातून खाली ठेवला.

खाडीच्या कडेला मी खड्डा खणला. खालून पाणी आलं. दुसरा खणला, तिसरा खणला, त्यांतही आलं. "ओल्यात नको रे ठेवू तिला," मावशी म्हणत राहिली. चौथा खड्डा बराच वर, भिंतीपाशी कोरडा लागला.

दोन महिन्यांत लेक येऊन तिला कुडाळला घेऊन गेली. मी फोन करतो. मावशी माझी चौकशी करते, दुकानाची करते. लेकीच्या अंगणात वीस-पंचवीस कोंबड्या आहेत. लेक सांगते, आई पुढच्या दाराने कधी बाहेर पडत नाही. परसातून, विहिरीच्या बाजूने, लांबचा वळसा घालून जाते.