पहिली की दुसरी

माझ्या मुलाची सासू अमेरिकन आहे. आम्ही दोघी ओहायोत डब्लिनला राहतो, आमच्या घरांमध्ये दोन सिग्नलचं अंतर. 'विहीण' म्हणजे कोण हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं, तेव्हा आपल्या भाषेत या नात्याला शब्दच नाही म्हणून त्या बराच वेळ हळहळल्या होत्या. नात्यांचा त्यांना नादच. निवृत्त झाल्यापासून त्या आपल्या आईच्या घराण्याचा शोध घेत होत्या. आईची आई, तिची आई, असं मागे जाता जाता त्या सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका बाईपाशी पोचल्या आणि तिथेच अडकल्या.

ही बाई प्युरिटन. इंग्लंडमधलं चर्च पुरेसं शुद्ध नाही म्हणून समुद्र ओलांडून आलेल्या कर्मठ लोकांपैकी. तिचं पाळण्यातलं नाव माहीत होतं, नवरा माहीत होता, तिला एक मुलगी झाली हेही माहीत होतं. माहेरचा मात्र पत्ताच नव्हता. इंटरनेटवर तिला तीन बाप होते. कुणीतरी एकाने ठोकून दिलेलं आणि बाकीच्यांनी आपापल्या वंशवृक्षात चिकटवलेलं. त्यातला एक बाप तर तिच्यापेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठा होता.

"हे कुणी तपासत नाही का?" मी विचारलं.

"कोण तपासणार? सगळे माझ्यासारखे म्हातारे आणि हौशी," त्या म्हणाल्या.

त्यांची नजर अधू झाली होती, जुनं अक्षर लागत नव्हतं. माझं आयुष्य हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखालच्या काचपट्ट्या वाचण्यात गेलेलं. म्हणून त्यांनी मला मॅसॅच्युसेट्सला बरोबर चलायला सांगितलं. बॉस्टनपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी. गाडी मीच चालवायची होती.

त्या बाईच्या गावातलं, जुनी कागदपत्रं ठेवणारं छोटं संग्रहालय बंद होतं. दारावर चिठ्ठी: पाइप फुटला आहे, पुढच्या आठवड्यात या. आम्ही फोनवर दोनदा विचारून निघालो होतो. विहीणबाई त्या चिठ्ठीसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. मग आम्ही कब्रस्तानात गेलो. शेवाळलेल्या पाट्यांवर मी पाण्याचा फवारा मारत, वाकून एकेक अक्षर लावत होते. माझी कंबर धरली. शेवटी नवरा सापडला. त्याच्या पाटीवर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कोरलेली पंख असलेली कवटी आणि त्याची थोरवी. शेजारी दुसऱ्या बायकोची पाटी, तिचं नाव ठसठशीत. आमची बाई म्हणजे पहिली बायको. तिचा दगडच नव्हता. मी सगळ्या रांगा पुन्हा धुंडाळल्या.

"कदाचित दगडाऐवजी लाकडाचा खांब असेल, कुजून गेला असेल," मी म्हणाले.

"कदाचित, कदाचित!" त्या एकदम चिडल्या. "मला या शब्दाचा आता वीट आलाय."

दुसऱ्या दिवशी गावच्या लायब्ररीत चर्चच्या जुन्या नोंदींच्या छायाप्रती बघायला मिळाल्या. दुपारपर्यंत मी पानं वाचली. कुणाला मूल झालं, कुणाची गाय शेजारच्या मक्यात शिरली. आणि मग एक ओळ. त्या प्रार्थनागृहात कुणी कुठे बसायचं हे ज्याच्या-त्याच्या मानमरातबाप्रमाणे ठरवून दिलेलं असे. आमच्या बाईच्या नवऱ्याची 'बायको' आपली मागची जागा सोडून वारंवार पुढच्या बाकावर जाऊन बसते, सांगूनही उठत नाही, म्हणून तिला सर्वांसमक्ष समज देण्यात आली होती.

मी हळू आवाजात वाचून दाखवलं. विहीणबाईंचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "ही माझीच! माझी आईसुद्धा अशीच होती. कुणी उठ म्हटलं की जास्तच पसरून बसायची."

पण माझं डोकं गप्प बसेना. "नाव कुठे लिहिलंय? नुसतं 'त्याची बायको' म्हटलंय. बायका दोन होत्या. पहिली कधी गेली आपल्याला माहीत नाही. ही दुसरीही असेल. आणि दुसरी तुझी कुणीच लागत नाही."

"तू नेहमी असंच करतेस."

"लॅबमध्ये नमुन्यावर पेशंटचं नाव नसेल तर मी रिपोर्ट देत नव्हते."

"ती नमुना नाहीये!"

लायब्ररीतल्या लोकांनी माना वळवल्या. हॉटेलवर परतताना गाडी चालवत होते तरी मला विहीणबाईंपेक्षा त्या नोंद लिहिणाऱ्याचाच जास्त राग येत होता. बाईला सगळ्या गावासमोर उभं करून बोलायला तुला वेळ होता, आणि तिचं नाव लिहायला दोन थेंब शाई जड झाली? बाकावरून उठली नाही म्हणून ती साडेतीनशे वर्षं बदनाम, पण ती कोण हे कुणालाच सांगता येत नाही.

सकाळी हॉटेलात नाश्ता करताना विहीणबाईंनी अचानक विचारलं, "तुझ्या आईच्या आजीचं माहेर कुठलं?"

मला सांगता येईना. माझ्या आजोळच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, पण त्यात तेवढ्या मागच्या पिढ्यांमध्ये बापापासून मुलगा आणि मुलापासून नातू, जणू बायका नव्हत्याच. मी तिथूनच नागपूरला मावशीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"काय गं, अमेरिकेत बसून हे काय सुचलं तुला?" मावशी म्हणाली. "आम्ही तिला मोठी आई म्हणायचो. वर्ध्याकडची होती म्हणतात."

"आणि नाव?"

"सासरचं माहीत आहे. लग्नात बदललेलं. त्याआधी काय होतं, तिला कुणी विचारलंच नाही ना!"

मी फोन ठेवला. विहीणबाईंना मराठी कळत नाही, पण माझं तोंड त्यांनी वाचलं. आपल्या बशीतला अर्धा पॅनकेक त्यांनी माझ्या बशीत सरकवला.

घरी आल्यावर त्यांनी शहाणपणाचं काम केलं. इंटरनेटवरच्या आपल्या वंशवृक्षातले तिन्ही बाप खोडून 'माहेर अज्ञात' लिहिलं. कब्रस्तानातल्या नवऱ्याच्या पाटीचा फोटो टाकला. बाकाची नोंदही टाकली आणि खाली स्पष्ट लिहिलं: ही पहिली बायको असेल किंवा दुसरी, ठरवता येत नाही. हे वाक्य आम्ही दोघींनी मिळून, शब्दाशब्दावर वाद घालून लिहिलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला.

महिनाभरात ती गोष्ट इतरांच्या वंशवृक्षांत पोचली. आमचा फोटो, आम्ही शोधलेली नोंद, फक्त खालचं वाक्य गायब. सगळीकडे पहिलीच बायको बंडखोर ठरली. एकाने तर तिला त्या तीनपैकी एक बाप परत देऊन टाकला. विहीणबाई रोज सकाळी चष्म्यावर भिंग धरून एकेकाला मेसेज लिहू लागल्या: कृपया दुरुस्त करा. कुणी उत्तर देईना. मी म्हणायची, सोड आता. त्या म्हणायच्या, तूच तर शिकवलंस.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज विचित्र होता, हसताहेत की रडताहेत कळेना.

"एकाचं उत्तर आलं."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, ती पहिलीच होती याची खात्री करून दिल्याबद्दल आभारी आहे."

मी कपाळाला हात लावला. "मग आता?"

"आता काय? त्याला पुन्हा लिहितेय," त्या म्हणाल्या. "तू ये इकडे. माझा राग जरा सभ्य भाषेत नीट बसव. मी लिहिलंय ते पाठवण्यासारखं नाही."

मी गाडीची किल्ली घेतली.